नळाला कान लावणारा इंजिनियर

दैर लौझ गावाच्या पाणी कार्यालयात हायिल नावाचा एक इंजिनियर होता. थोरल्या मुलाच्या नावावरून तोंडावर सगळे त्याला अबू कुसै म्हणत आणि पाठीमागे खड्डेवाला. त्यात कुणाचा आकस नव्हता. गावाखालचे पाइप जुने, कुठे फुटलेत ते वरून कळायची सोय नाही. तक्रार आली की हायिल अंदाजानं जागा दाखवायचा, माणसं खणायची आणि बऱ्याचदा खाली कोरडी ठाक तांबडी माती लागायची. मग थोडं पुढे सरकून पुन्हा खणायचं. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून तो हेच करत आला होता, आणि आता चाळिशी उलटून गेली होती.

त्या वर्षी ऑलिव्हची तोडणी चालू असताना त्यानं बेकरीसमोर एकापाठोपाठ तीन खड्डे खणले. तिन्ही कोरडे. पिठाळ हातांनी दारात उभा राहून गंमत बघणारा बेकरीवाला म्हणाला, "अबू कुसै, चौथा माझ्या भट्टीखाली खणा. तेल लागलं तर निम्मं तुमचं!"

रोटी घ्यायला आलेली सगळी रांग हसली. हायिलही हसला. पण घरी आल्यावर त्यानं ताटाला हात लावला नाही.

"कुणी काही बोललं का?" त्याच्या बायकोनं, नजाहनं विचारलं.

"बोलतील नाही तर काय. भिंतीवर इंजिनियरिंगची पदवी टांगलीय आणि मी कोंबडीसारखी जमीन उकरतोय."

"कोंबडीला निदान दाणा तरी सापडतो," नजाह बोलून गेली आणि मग स्वतःच ओशाळून तिनं त्याच्यापुढे चहा ठेवला.

थोड्याच दिवसांनी कार्यालयात विद्यापीठाचं पत्रक लागलं. इंजिनियरिंगची पदवी झालेल्यांना संशोधन करून मास्टर्स करता येणार होतं. विषय होता आवाजावरून पाण्याची गळती शोधणं, आणि एक जागा पाणी कार्यालयातल्या माणसासाठी राखून ठेवलेली होती. आठवड्यातले दोन दिवस विद्यापीठात, बाकीचे कामावर. तरुण इंजिनियरांनी ते वाचलं आणि सोडून दिलं. ज्यांना आखातात जायचं होतं त्यांना मास्टर्सचा उपयोग नव्हता, आणि ज्यांना इथेच राहायचं होतं त्यांना पुन्हा अभ्यास नको होता. हायिल साहेबांच्या खोलीत गेला. कार्यालयाचे मुख्य झुहैर बेक चष्म्यावरून त्याच्याकडे बघतच राहिले.

"तू? केस पिकले आणि आता पाटी-पेन्सिल?"

"साहेब, पाटी अजून कोरी आहे."

"जा बाबा. पण मंगळवारी मला इथे हवास. पाणी सुटतं त्या दिवशी कुणाला सुट्टी नाही."

विद्यापीठातलं संशोधन म्हणजे मोठाली यंत्रं असतील अशी हायिलची समजूत होती. डॉक्टर लमीसच्या प्रयोगशाळेत दोन टेबलं होती, वाळूची एक पेटी होती आणि काडेपेटीएवढ्या काही डब्या. डबी पाइपला चिकटवली की ती पाइपची थरथर टिपायची आणि कॉम्प्युटरवर तिचं चित्र उमटायचं. फुटक्या जागेतून पाणी सुसाट बाहेर पडतं, त्याची थरथर वेगळी असते. ती ओळखायला शिकायचं, एवढंच काम. लमीस त्याच्याहून बरीच लहान, जर्मनीत शिकून आलेली, मोजकं बोलणारी. तिच्याकडे आणखी दोन विद्यार्थी होते. बिशर हा जेरशकडचा, सदा सूर्यफुलाच्या बिया फोडत बसणारा. दीमा अम्मानची, जिभेनं तिखट. दोघंही पहिल्याच दिवसापासून हायिलला अम्मो, म्हणजे काका, म्हणू लागले.

"अम्मो, उजवीकडचं बटण दाबा," बिशर सांगायचा.

"माझ्या उजवीकडचं की ह्याच्या?"

"अम्मो, दोघांची उजवी एकच आहे."

हायिलला वेळ लागला. इंग्रजी शोधनिबंधाचं एक पान वाचायला त्याला संध्याकाळ पुरायची नाही. पण तो दुसऱ्या दिवशी तेच पान घेऊन परत यायचा. एकदा त्यानं लमीसला विचारलं, "डॉक्टर, ह्या सगळ्या लोकांच्या गावात पाइप कायम भरलेले असतात. आमच्याकडे तर फक्त मंगळवारी पाणी येतं. बाकी सहा दिवस पाइपात हवा. मग आमच्या कामाला ह्यांचं ऐकलेलं कसं चालेल?"

"चालणार नाही," लमीस म्हणाली. "म्हणून तर ही जागा आहे. चाललं असतं तर मी तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

त्या उत्तरानं हायिलला बरं वाटलं. उत्तर कुणालाच ठाऊक नसलेला प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मुद्दाम होऊन दिला होता.

ऐकायला त्यांनी गिरणीची गल्ली निवडली. ही गल्ली टेकडीवर सरळ चढत जाते. खालच्या घरांना पाणी मिळतं आणि वरच्या टोकाला जाईपर्यंत त्याचा दम संपतो. मंगळवारी पाणी सुटलं की घराघरात कपडे, फरशा, अंघोळी, सगळं एकदम सुरू व्हायचं आणि गच्चीवरच्या टाक्या भरायला लागायच्या. तिघांनी व्हॉल्व्हवर डब्या चिकटवल्या. कॉम्प्युटरवर गल्लीच्या मधोमध आवाजाचा भला मोठा डोंगर उभा राहिला.

"हीच गळती!" हायिल म्हणाला. "मी माणसं बोलावतो."

"आणखी एक मंगळवार ऐकू या," लमीस म्हणाली. पण हायिलला दम निघाला नाही. त्यानं खणायला लावलं. खाली माती कोरडी. भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी "विद्यापीठाचा खड्डा!" म्हणालं आणि ते नाव त्याच संध्याकाळी गावभर झालं.

प्रयोगशाळेत दीमानं तो आवाज पुन्हा पुन्हा लावून ऐकला. पाण्याचा आवाज चढतो, उतरतो, खरखरतो. हा मात्र एका सुरात गुणगुणत होता.

"अम्मो, ही मोटर आहे," ती म्हणाली. "एक नाही, पुष्कळ आहेत. लोकांनी थेट पाइपला मोटरी लावल्यात, पाणी ओढायला."

पाइपला मोटर लावणं हा गुन्हा होता, त्याला दंड होता, आणि दंडाच्या पावत्यांवर त्याच्याच कार्यालयाचा शिक्का असायचा. मोटरी कुठे कुठे आहेत ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या न्हाणीघरातही एक होती. नजाहच्या भावानं आणून बसवली होती. हायिल तिच्याकडे बघायचा नाही, म्हणजे ती नव्हती.

लमीसनं सांगितलं, की कुठल्या घरात मोटर आहे आणि ती कधी चालते हे कळल्याशिवाय तो आवाज वजा करता येणार नाही. घरोघरी विचारावं लागेल. "पण एक नियम. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं कुणाला कळणार नाहीत. लिहायचीसुद्धा नाहीत. ह्या अटीवरच विचारायचं, आणि ही अट मी विद्यापीठाच्या वतीनं घालतेय."

हायिलला बघताच दारं बंद व्हायला लागली. पाणी कार्यालयाचा माणूस, त्यात दुपारी घरात पुरुष नाहीत. मग दीमा गेली. तिचं अम्मानचं बोलणं ऐकून बायकांनी तिला कॉफी पाजली, तिचं लग्न ठरलंय का ते विचारलं आणि मोटरीचं काही न सांगता निरोप दिला. संध्याकाळी हायिलनं हे घरी सांगितलं तेव्हा नजाह कणीक मळत होती.

"तुम्ही लोक विचारता तरी कसं? 'तुमच्याकडे मोटर आहे का?' असं?"

"मग कसं विचारायचं?"

"उद्या मी येते त्या पोरीबरोबर."

ती आधी गल्लीच्या वरच्या टोकाला हज्जा तमामकडे गेली. हज्जा, म्हणजे हज करून आलेली ही म्हातारी, एकटी राहायची. तिच्या शब्दावर गल्लीतल्या सुना-मुली माहेरीसुद्धा जायच्या-यायच्या. नजाहनं आधी गुडघेदुखीची चौकशी केली, मग ह्या वर्षीच्या ऑलिव्हची, आणि चहाच्या दुसऱ्या पेल्याला म्हणाली, "हज्जा, आमच्या न्हाणीघरातली मोटर फार आवाज करते. तुमची कशी आहे?"

हज्जानं दीमाकडे बघितलं, मग नजाहकडे. "तुझ्या घरात मोटर? तुझा नवरा तर पाण्याच्या हाफिसात आहे."

"म्हणून तर टॉवेल टाकून ठेवते तिच्यावर."

हज्जा इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग तिनं कपड्यांची टोपली पायानं सरकवली. मागे मोटर. "आहे बाई. पण उपयोग काय? खालच्या सगळ्यांच्या मोटरी पाणी ओढतात, माझी नुसती हवा ओढते. माझी टाकी भरतो तो टँकरवाला." मग ती गंभीर झाली. "हे बाहेर गेलं तर?"

"नाही जाणार. माझ्या मुलांची शपथ."

"तुझ्या नवऱ्याकडून?"

"त्याच्याकडूनही नाही."

त्या घरातून निघाल्यावर पुढची दारं आपोआप उघडत गेली. जवळजवळ प्रत्येक घरात मोटर होती. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी ते लाजत-लाजत, परिस्थिती नाही म्हणून, कबूल केलं.

आता पाइप खरा ऐकायचा तर एका मंगळवारी सगळ्या मोटरी एकदम बंद हव्यात, असं बिशरनं सुचवलं. नजाहनं गल्लीत तसं सांगितलं तेव्हा प्रत्येकीचं म्हणणं एकच, आधी शेजारणीला बंद करू दे, मग मी करते. शेवटी हज्जा तमाम काठी टेकत उतरली आणि दारोदार बजावून आली: दुपारच्या अजानला मोटर बंद, आणि ती पोरं हात वर करेपर्यंत कुणी बटणाला शिवायचं नाही.

मंगळवारी अजान झाली. गल्ली कधी नव्हे ती शांत झाली. बिशर कानाला यंत्र लावून बसला होता. त्यानं मान हलवली.

"एक चालू आहे."

हज्जा गच्चीवरून खाली वाकली. "ए उम्म रआद! वरून अल्लाह बघतोय आणि खालून हे पोरगं ऐकतंय!"

खाली कुठेतरी एक खिडकी लागली आणि गुणगुण थांबली.

मग आली ती बारीक, सलग, सापाच्या फूत्कारासारखी शीळ. हायिलनं बिशरच्या कानावरचं यंत्र काढून स्वतःला लावलं. आवाज मुलींच्या शाळेच्या भिंतीखालून येत होता, जिथे खणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. तो उकिडवा बसून राहिला. दीमानं त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्यानं नुसतं बोटानं भिंतीकडे दाखवलं.

तेवढ्यात वरून हज्जाची हाक आली. तिच्या टाकीत पाणी पडत होतं. मोटर न लावता, आपलं आपण.

भिंतीखाली खणल्यावर पाइपाला पडलेली लांबट भेग सापडली. पाणी आत कातळातल्या जुन्या हौदात जात होतं, म्हणून वर कधी ओल दिसली नाही. झुहैर बेक स्वतः बघायला आले, सगळ्यांशी हात मिळवले, हायिलची पाठ थोपटली. दोन आठवड्यांनी त्यांनी त्याला खोलीत बोलावलं. लमीसनं कार्यालयाला पाठवलेला अहवाल त्यांच्या पुढ्यात होता. त्यात लिहिलं होतं, की गल्लीतल्या बहुतेक घरांत मोटरी आहेत आणि त्या एकदम चालतात तेव्हा वरच्या घरांना पाणी पोचत नाही.

"बस," झुहैर बेक म्हणाले. "कुठली घरं?"

"साहेब, ते सांगता येणार नाही. त्या अटीवर लोकांनी सांगितलंय."

"तू पगार कुणाचा घेतोस? आणि वाचवतोयस कुणाला? वर ती म्हातारी टँकरचं पाणी विकत घेते ते ह्या चोरांमुळे. तुमच्याच अहवालात आहे ना हे?"

साहेबांचं खोटं नव्हतं. त्यानं स्वतः रात्ररात्र हाच विचार केला होता. तो म्हणाला, "शब्द दिलाय, साहेब. शब्द मोडला तर पुन्हा कुणी दार उघडणार नाही. आम्हालाच नाही, पुढे येतील त्यांनाही."

"मला घरं हवीत, हायिल."

"एक सांगतो," हायिल म्हणाला. "माझं."

झुहैर बेकनी चष्मा काढला. त्यांना ही थट्टा वाटली, मग थट्टा नाही हे कळलं आणि ते जास्तच संतापले. दुसऱ्या दिवशी हायिलच्याच हाताखालची दोन माणसं खाली माना घालून त्याच्या घरी आली आणि मोटर काढून घेऊन गेली. नजाहनं त्यांना चहा दिला. दंडाची पावती फाडली गेली. महिना संपायच्या आत त्याची बदली वाळवंटाच्या कडेला, विहिरींवरच्या पंपघरात झाली. विद्यापीठाचे दोन दिवसही बंद झाले. लमीस झुहैर बेकना भेटून आली. अट माझी होती, शिक्षा द्यायची तर विद्यापीठाला द्या, असं तिनं सांगितलं. तेव्हा त्यांनी कार्यालय आणि विद्यापीठाचं जे सहकार्य होतं तेही थांबवलं.

सगळ्यात वाईट झालं दीमाचं. हायिलचं मोजमाप पुरेसं झालं होतं, बिशरचंही होत आलं होतं. दीमाला मात्र आणखी बरेच मंगळवार हवे होते आणि आता गावातल्या व्हॉल्व्हला हात लावायला परवानगी नव्हती.

"तुमच्या शब्दापायी माझं वर्ष गेलं, अम्मो," ती त्याला म्हणाली. रडली नाही, पण त्याच्याकडे न बघता बोलली.

"गेलं, पोरी," हायिल म्हणाला. "खरं आहे."

त्याला त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये एक गोष्ट सुचली. शनिवारी सुट्टीच्या दिवशी तो विद्यापीठात गेला आणि लमीसला म्हणाला, "डॉक्टर, गल्ली आपल्याला मिळत नाही तर आपण बांधू या." विद्यापीठातल्या कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी उतार देऊन पाइप मांडले, छोट्या टाक्या बसवल्या, प्रत्येक टाकीला तोटी आणि मोटर. भंगारातले पाइप हायिलनं आणले, जोडणी त्यानं आणि बिशरनं केली. मोटरी कमी पडत होत्या. नजाहनं हे गिरणीच्या गल्लीत कुठेतरी बोलताना सांगितलं असावं, कारण एका शनिवारी हज्जा तमामचा भाचा गाडीतून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी उतरवून गेला. मागोमाग आणखी दोन पोती आली. हज्जाचा निरोप होता: "जुन्या आहेत, दुरुस्त करून घ्या. आणि कुठून आल्या ते मला माहीत नाही."

हायिलचं लिखाण पंपघरातच पूर्ण झालं. तिथे दुपारी काम कमी असायचं. नियमापेक्षा एक वर्ष जास्त लागलं. तोंडी परीक्षेला त्यानं लग्नातला कोट घातला होता आणि तो काखेत दाटत होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या पद्धतीत सगळ्या मोटरी बंद कराव्या लागतात. प्रत्यक्षात असं कोण करेल?"

"एका गल्लीनं केलं, सर," हायिल म्हणाला.

"का केलं असेल?"

हायिलनं विचार केला. "विचारलं म्हणून. आणि विचारणाऱ्याला ती घाबरत नव्हती म्हणून."

"हे प्रबंधात नाही."

"नाही. त्याचं मोजमाप मला जमलं नाही."

परीक्षकांनी दोन आकृत्या दुरुस्त करायला लावल्या आणि पदवी दिली. नजाहनं मकमूरा केला होता, पातेलंभर, कोंबडी आणि कांद्याचे थर पिठाच्या पोळ्यांत दाबून. प्रयोगशाळेतल्या दोन्ही टेबलांवर तो मांडून सगळे जेवले. दीमाही आली होती. तिची पदवी पुढच्या हिवाळ्यात झाली, गच्चीवरच्या गल्लीच्या जोरावर, आणि तिच्या कामाबद्दल लमीस हायिलच्या कामापेक्षा जास्त कौतुकानं बोलते. ते योग्यच आहे असं हायिलला वाटतं.

बढती मिळाली नाही. पगारात मास्टर्सची थोडी भर पडली. झुहैर बेक निवृत्त झाल्यावर आलेल्या साहेबांनी गिरणीच्या गल्लीला दोन भागांत पाणी सोडायला सुरुवात केली, खालच्या घरांना सकाळी आणि वरच्यांना दुपारी, प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात म्हटलं होतं तसं. त्यांनी तो वाचला होता की त्यांचं त्यांनाच सुचलं, हे हायिलनं विचारलं नाही. मोटरी अजून आहेत. फक्त आता हज्जा तमामच्या टाकीतही पाणी पडतं.

लमीसनं त्याला डॉक्टरेटसाठी बोलावलं तेव्हा त्यानं घरी सांगितलं. नजाह म्हणाली, "करा ना. कोट अजून आहे."

"कुसै ह्या वर्षी कॉलेजात जातोय. एका घरात दोन विद्यार्थी म्हणजे कॉम्प्युटर कुणी वापरायचा?"

तो नाही म्हणाला. बदली रद्द करून घ्यायलाही गेला नाही. विहिरींवर शांतता आहे, पंप जुने आहेत आणि त्यांचे आवाज त्याला आवडतात. शनिवारी, नवीन विद्यार्थी आले की लमीस त्याला बोलावते. तो पाइप आवळायचे पाने आणि जोडाला गुंडाळायचे तागाचे धागे पिशवीत घालून पहाटेची बस पकडतो, आणि दुपारपर्यंत कॉलेजच्या गच्चीवर जोड घट्ट करत बसतो.